म्हातारपणाची किमान शिल्लक

म्हातारं व्हायला आजवर पैसे पडत नव्हते. परमेश्वराने जी दोन-चार कामं सरसकट फुकट ठेवली, त्यांतलं हे एक. केस पिकायला अर्ज करावा लागत नाही, दात पडायला जामीनदार लागत नाही, आणि गुडघे दुखू लागण्यापूर्वी कोणी गेल्या सहा महिन्यांचं पासबुक मागत नाही. पण हेच म्हातारपण दुसऱ्याच्या देशात जाऊन काढीन म्हणाल, तर परमेश्वराचा वशिला चालत नाही. तिथे खिडकीत बसलेला साहेब तुमच्या पिकल्या केसांकडे ढुंकूनही बघत नाही. तो म्हणतो, "शिल्लक दाखवा."

या 'शिल्लक दाखवा'विरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती मी इथे रीतसर नोंदवणार आहे.

तक्रारीआधी तक्रारदाराची ओळख द्यायची असते. मी बँकेत कारकून आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे पैसा मी शिकलो आहे, आणि बावीस वर्षं काउंटरवर काढल्यामुळे तो रोज मोजतोही आहे. तो माझा नसतो, हा तपशिलाचा भाग झाला. हलवायाच्या दुकानात काम करणाऱ्याला जशी जिलबीची आसक्ती उरत नाही, तशी मला पैशाची उरलेली नाही. पण शिळी जिलबी कोणती, हे मला लांबून वासावरून कळतं. निवृत्तीच्या व्हिसाची पैशाची अट ही तशी शिळी जिलबी आहे.

हा निवृत्तीचा व्हिसा म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमच्या आजोबांच्या वेळी निवृत्त माणूस काशीला जायचा, फार तर नाशिकला. आता जग जवळ आलं आहे, आणि निवृत्त माणसाने यावं, आपल्याकडे घर भाड्याने घ्यावं, आपल्या बाजारात भाजी घ्यावी आणि नोकरी मात्र मागू नये, असं काही देशांना वाटतं. थायलंड, मलेशिया, फिलिपाइन्स, पोर्तुगाल, स्पेन, पनामा असे ते देश. खुद्द अमेरिकेकडे असा व्हिसा नाही. आपली मराठी मंडळी मुलाच्या बाळंतघरी सहा-सहा महिने जाऊन येतात ती पाहुण्याच्या व्हिसावर. आणि तिथे त्या दोघांना जे काम पडतं, त्याला निवृत्ती म्हणणं हा निवृत्तीचा अपमान होईल.

या देशांत थायलंडचं नाव मोठं. तिथे पन्नाशी पुरी झाली की तुम्ही निवृत्त व्हायला लायक. आमच्या बँकेत पन्नाशीला माणसाला नुकता कुठे स्वतःच्या डोक्यावरचा पंखा मिळालेला असतो. पण ते असो. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हे सगळं मोबाइलवर पाहिलं. काका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. चियांग माईचे डोंगर, स्वच्छ रस्ते, भात आणि नारळ यांचं जेवण, जागोजाग बुद्धाची देवळं आणि पुण्यापेक्षा स्वस्त भाडं, असा तो सारा थाट बघून काकांनी काकूंना न विचारता निर्णय घेतला आणि मला विचारायला आले.

"अरे, एक दाखला पाहिजे तुझ्या बँकेचा," काका म्हणाले.

"कसला दाखला, काका?"

"मी खाऊनपिऊन सुखी आहे असा."

बँक असा दाखला देत नाही. कोणतीही बँक देत नाही, कारण सुखाचं खातं कोअर बँकिंगमध्ये उघडता येत नाही. बँक दाखला देते तो अमुक तारखेला अमुक खात्यात अमुक रक्कम होती, एवढाच. शिवाय त्याच्याखाली 'बँकेवर अथवा तिच्या कोणत्याही अधिकाऱ्यावर कसलीही जबाबदारी न येता' असं एक वाक्य असतं. म्हणजे मजकूर आमचा, शिक्का आमचा, सही आमची, पण भरवसा ज्याचा त्याने ठेवायचा. जगभरातले परदेशी साहेब ज्या कागदावर विसंबून म्हाताऱ्यांना आत घेतात किंवा बाहेर ठेवतात, तो कागद हा असा आहे. लिहिणारा मी आहे, म्हणून सांगतो.

आता थायलंडची अट बघा. एक वर्षाचा मुक्काम वाढवून घ्यायचा, तर तिथल्या बँकेत ८ लाख बाथ ठेवायचे. बाथचा भाव रोज हलतो, तरी आपल्या पैशांत ही रक्कम वीस लाखांच्या पुढेच जाते. ठेव नको असेल तर दरमहा ६५,००० बाथ बाहेरून येताना दाखवा. म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. तेही नसेल, तर वर्षाचं उत्पन्न आणि ठेव यांची बेरीज ८ लाख भरवा. काकांचं निवृत्तिवेतन ऐकून मी दुसरा पर्याय मनातल्या मनात खोडला. त्यांच्या हुद्द्याच्या तीन काकांनी एकत्र संसार थाटला तर कदाचित जमेल. पण त्याला काकू परवानगी देणार नाहीत.

राहिली ठेव. काका म्हणाले, "त्यात काय? गावची जमीन विकली त्याचे आहेत. भरू आणि तिथेच खर्च करू."

इथेच तर मेख आहे. खर्च करायचे नाहीत!

२०१९ साली थायलंडने हा नियम आणखी घट्ट केला. हे ८ लाख अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात असले पाहिजेत. मंजुरीनंतर तीन महिने त्यांतला एक बाथ हलता कामा नये. त्यापुढेही शिल्लक ४ लाखांच्या खाली उतरता कामा नये, आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी ती पुन्हा ८ लाखांवर चढलेली असली पाहिजे. वाणिज्य पदवीधराच्या हिशेबाने याचा अर्थ असा: वर्षातले पाच महिने ८ लाख झोपलेले, उरलेल्या सात महिन्यांत ४ लाख झोपलेले. म्हणजे निम्मी रक्कम वर्षाचे बाराही महिने, आणि माणूस तिथे राहील तितकी वर्षं, कधीच उठायची नाही. तिला पैसा म्हणणं कठीण आहे. दिवाणखान्यातल्या कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा सेट असतो ना, तसली ती गोष्ट आहे. घरातली माणसं जन्मभर स्टीलच्या पेल्यात चहा पितात आणि सेटवरची धूळ पुसतात.

आता कोणी म्हणेल, "अहो, तुमच्या बँकाही किमान शिल्लक ठेवायला लावतच होत्या की!" कबूल. स्टेट बँकेने २०२० च्या मार्चमध्ये बचत खात्याची ती अट उठवली. काही बँकांत ती आजही आहे. पण शिल्लक कमी पडली तर बँक फार तर दंड कापून घेते. गिऱ्हाइकाला देशाबाहेर काढत नाही.

आणि आजार? सत्तरीच्या माणसाला रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर त्याचं काय? बँकेत ८ लाख आहेत, आणि रुग्णालय अनामत रक्कम मागत आहे. पैसे काढावेत तर वर्षाचा मुक्काम जातो, न काढावेत तर मुक्कामाची गरजच उरत नाही. ज्या प्रसंगासाठी माणूस आयुष्यभर पैसे साठवतो, नेमक्या त्याच प्रसंगी ते पैसे बघायचे असतात, वापरायचे नसतात. मलेशियाच्या योजनेत निदान ठेवीचा काही भाग औषधोपचारासाठी मंजुरी घेऊन काढायची सोय आहे. तिथे कुणीतरी म्हातारा माणूस बघून नियम लिहिला असावा.

ही ठेव मागण्याचं कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "माणूस सधन आहे की नाही, हे कळावं." काउंटरवरच्या माणसाला याचं हसू येतं. खात्यातल्या रकमेवरून माणसाची सांपत्तिक स्थिती कळत असती, तर बँकांची कर्जं कधी बुडलीच नसती. इंग्लंडला शिकायला जाणाऱ्या मुलाला सलग २८ दिवस पैसे खात्यात दाखवावे लागतात. त्या २८ दिवसांत आमच्या शाखेत काय सोहळा असतो! मामाच्या खात्यातून पैसे निघतात, भाच्याच्या खात्यात येऊन बसतात, २८ दिवस मुक्काम करतात आणि एकोणतिसाव्या दिवशी मामाकडे परत. पूर्वी लग्नात नवऱ्या मुलीच्या अंगावर घालायला शेजारणीकडून पाटल्या आणायचे, तसा हा प्रकार. पाटल्या खऱ्या, सोनं खरं, फक्त हात दुसऱ्याचा. थायलंडमध्येही अशा पाटल्या भाड्याने पुरवणारे दलाल आहेत, हे तिथे राहणाऱ्या सर्व परदेशी म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. दलाल खात्यात पैसे भरतो, दाखला निघतो, पैसे परत जातात आणि दलालाची दलाली राहते. २०१९ च्या तीन महिन्यांच्या अटीने दलाली बंद झाली नाही. पाटल्यांचं भाडं मात्र वाढलं असणार.

यात फसतो तो सरळ माणूस. ज्याच्याजवळ खरोखरच निवृत्तिवेतन आहे, दर महिन्याला ठरल्या तारखेला येतं, ज्यात त्याचं भाडं, भाजी, औषध आणि आठवड्याला एक आइस्क्रीम भागतं, पण ज्याच्याजवळ झोपवून ठेवायला वीस लाख नाहीत, तो नापास. आणि ज्याचं उत्पन्न शून्य, पण ओळखीचा दलाल पक्का, तो पहिल्या वर्गात पास. ही परीक्षा आहे, आणि ती कोणाची घेतली जाते ते बघा!

पाश्चात्त्य म्हाताऱ्यांनाही या अटीने कमी रडवलेलं नाही. पूर्वी ब्रिटिश आणि अमेरिकन वकिलाती आपापल्या नागरिकाला उत्पन्नाचं पत्र देत, आणि थायलंड ते मानत असे. मग थायलंडने म्हटलं, आकडे तपासून पत्र द्या. वकिलातींनी म्हटलं, तपासणं आम्हाला शक्य नाही, आणि १ जानेवारी २०१९ पासून पत्रंच बंद केली. दोन सरकारांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचं नाकारलं, आणि त्याची शिक्षा चंद्रावरून दिसणार नाही एवढ्या लहान माणसाला झाली. त्यातही इंग्रज म्हाताऱ्याचं दुखणं वेगळं. त्याच्या सरकारने दिलेलं निवृत्तिवेतन तो थायलंडला राहायला गेला की तिथेच गोठतं, दरसालची वाढ मिळत नाही. तोच फिलिपाइन्सला गेला असता तर वाढ मिळाली असती. शिवाय २००७ साली एका पौंडाला पासष्ट बाथच्या वर मिळत होते, ते २०१६ च्या अखेरीस पंचेचाळीसच्या आत आले. माणूस तोच, पेन्शन तेच, भाजीवालीही तीच. पण हिशेबाने तो आता 'अपात्र' झाला. आमच्याकडे यंत्राचा घसारा काढतात. इथे बसल्या जागी माणसाचा घसारा निघाला.

आता थायलंडच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर तक्रार एकतर्फी होईल. परका म्हातारा आपल्या देशात येऊन आजारी पडला आणि बिल न भरता मेला, तर ते बिल कोणी भरायचं? यजमानाला हा प्रश्न पडणं अगदी रास्त आहे. आपल्या घरी महिनाभर राहायला येणाऱ्या पाहुण्याचा औषधाचा डबा आपणही डोळ्यांखालून घालतोच. म्हणूनच त्यांनी २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीपासून निवृत्तीच्या एका प्रकारच्या व्हिसाला आरोग्यविम्याची सक्ती केली. विमा मागा, जरूर मागा. पण विमा मागितल्यावर झोपलेली ठेव कशाला मागता? एकाच दाराला दोन कुलुपं, आणि दोन्ही किल्ल्या म्हाताऱ्याच्या खिशात जड.

आणि आकड्याचं काय? ६५,००० बाथ हा आकडा आला कुठून? बँकॉकमध्ये जुलै २०२५ पासून किमान रोजंदारी ४०० बाथ आहे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १०,४०० बाथ. तेवढ्यात तिथला मजूर बायकामुलांसकट जगतो. एकट्या म्हाताऱ्याला मात्र त्याच्या सहापट दाखवावे लागतात. आणखी एक आकडा देतो, मग हवं तर माझ्या अंगावर धावून या. थायलंडचं सरकार स्वतःच्या साठीच्या नागरिकाला वृद्धभत्ता देतं दरमहा ६०० बाथ. नव्वदीला पोचलात तर १,०००. घरच्या म्हाताऱ्याला सहाशे पुरतात, आणि पाहुण्या म्हाताऱ्याला पासष्ट हजारांशिवाय भागत नाही!

आपण हसू नये. आपल्या केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ योजनेत साठीच्या गरिबाला केंद्राचा वाटा आहे महिना २०० रुपये, आणि खाजगी नोकरीवाल्यांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये. ताळेबंदाची डावी बाजू कुठल्याच देशाची फारशी देखणी नाही.

श्रीमंत म्हाताऱ्यांसाठी मात्र सगळीकडे सतरंजी अंथरलेली आहे. साध्या निवृत्ताला थायलंडमध्ये दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. आपल्याकडे निवृत्त माणसाला नोव्हेंबरात एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तर केवढी कुरकुर! बँकेत येऊन "मी जिवंत आहे रे" असं मला चिमटा काढून सांगणारे आजोबा आहेत. थायलंडमध्ये हा चिमटा वर्षातून चारदा. पण २०२२ च्या सप्टेंबरपासून त्यांनी दहा वर्षांचा एक नवा व्हिसा काढला. वर्षाला ८० हजार डॉलर घरबसल्या उत्पन्न असलेल्या निवृत्ताला तो मिळतो. त्याने पत्ता कळवायचा वर्षातून एकदाच. गरीब म्हातारा तीन महिन्यांत हरवतो आणि श्रीमंत म्हातारा वर्षभर जागच्या जागी राहतो, असा काही वैद्यकीय शोध लागला असल्यास मला माहीत नाही.

मलेशियाने तर खेळ चालू असताना मैदानच लांबवलं. 'मलेशिया माझं दुसरं घर' अशा गोड नावाची त्यांची योजना २००२ पासूनची. परदेशी उत्पन्न महिना १०,००० रिंगिट दाखवायचं, अशी अट होती. २०२१ साली ते एकदम ४०,००० केलं आणि ठेव १० लाख रिंगिट. आधीपासून तिथे राहणाऱ्यांनाही ही अट लागणार म्हणताच ओरड झाली, तेव्हा जुन्यांना वगळलं, फक्त वार्षिक शुल्क वाढवलं. पण ते मधले काही आठवडे त्या म्हाताऱ्यांनी कसे काढले असतील? पंधरा वर्षं एका गल्लीत राहिलेल्या, तिथलं कुत्रं ओळखणाऱ्या, तिथल्या दूधवाल्याशी उधारी असणाऱ्या माणसाला सांगायचं की तुझं दुसरं घर महाग झालं आहे, पहिल्या घरी परत जा. पहिलं घर तर त्याने दुसऱ्या घरासाठी विकलेलं असतं.

स्पेनची अट वेगळ्या कारणाने माझ्या लक्षात राहिली. तिथे नोकरी न करता राहायचं तर दरमहा २,४०० युरो दाखवायचे, आणि बरोबर बायको असेल तर तिचे ६०० जादा. म्हणजे नवऱ्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा बायको. हा आकडा मी घरी वाचून दाखवला. हिने शांतपणे विचारलं, "ज्याने हे काढलं त्याचं लग्न झालंय का?"

तर मग सगळेच देश असे का? नाहीत, आणि म्हणूनच माझी तक्रार ही नुसती कुरकुर नाही. पोर्तुगालने निवृत्तासाठी मोजमाप ठरवलं ते तिथल्या किमान वेतनाचं: २०२५ साली महिना ८७० युरो. तेही बँकेत काही शिल्लक दाखवायला सांगतात. पण पट्टी कोणती लावली ते बघा. आमच्या देशातला कामगार जेवढ्यात जगतो, तेवढं तुमच्याकडे येत असेल तर या, असा त्याचा अर्थ. यात घरच्याचा अपमान नाही आणि पाहुण्याचाही नाही. पनामा म्हणतो, जन्मभर मिळणारं पेन्शन महिना १,००० डॉलर असलं की झालं. काचेचा सेट दाखवायची सक्ती नाही. उलट त्यांच्या १९८७ च्या कायद्याने निवृत्तांना सिनेमाच्या तिकिटात निम्मी सवलत. म्हाताऱ्याचं जगणं आणि त्याची करमणूक, दोन्हींचा विचार एका देशाने केलेला आहे. मग इतरांना काय अडचण?

आपण भारतीयही काही धुतल्या तांदळाचे नाही. परदेशी निवृत्तासाठी आपल्याकडे असा वेगळा व्हिसाच नाही. गोव्यात वर्षानुवर्षं हिवाळा काढायला येणारे इंग्रज आजी-आजोबा पर्यटक म्हणूनच येत. २००९ च्या अखेरीस आपण नियम केला की एकदा बाहेर पडलात की दोन महिने परत यायचं नाही. २०१२ अखेर तो बहुतेकांसाठी उठवला. तोवर त्या म्हाताऱ्यांच्या घरांतली झाडं कोणी पाण्याशिवाय वाळवली, याचा हिशेब आपल्याकडे नाही.

आणि जाणाऱ्याला तरी आपण सरळ जाऊ देतो का? काकांनी जमिनीचे बावीस लाख तिकडे पाठवायचे ठरवले असं समजा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यामुळे तिथे अडत नाही. पण एप्रिल २०२५ पासूनच्या हिशेबाने १० लाखांच्या वरच्या १२ लाखांवर २० टक्के कर आधीच कापून घ्यायचा: २ लाख ४० हजार. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण भरल्यावर. वरती २०२२ पासून असा नियम, की या योजनेखाली निवासी भारतीयाने बाहेर पाठवलेलं चलन वापराविना, गुंतवणुकीविना पडून राहिलं तर ते १८० दिवसांत परत आणायचं. काकांनी तिकडे बिऱ्हाड थाटलं की ते अनिवासी ठरतील आणि हा पेच सुटेल. पण तोवर एक सरकार म्हणतं पैसा हलवाल तर याद राखा, आणि दुसरं म्हणतं पैसा नुसता ठेवाल तर याद राखा. मी हे काकांना समजावून सांगितलं. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, मी पैसे न्यायचं विचारत नव्हतो. मी स्वतः जायचं विचारत होतो."

या वाक्याला आमच्याकडे कोणताही फॉर्म नाही.

तेव्हा माझी मागणी लेखी देतो, म्हणजे आवक-जावक रजिस्टरात चढेल. पहिली, म्हाताऱ्याची पात्रता त्याच्या महिन्याच्या येण्यावरून ठरवा, आणि त्या येण्याला तिथल्या मजुराच्या पगाराची पट्टी लावा. दुसरी, ठेव मागायचीच असेल तर ती त्याच्या दुखण्याखुपण्याला कामी येऊ द्या. रुग्णालयाची पावती दाखवली की ठेव मोडावी आणि मुक्काम मोडू नये, एवढी माणुसकी नियमात एका ओळीत बसते. तिसरी, माणूस ज्या नियमाने आत आला त्याच नियमाने त्याला राहू द्या. बँकसुद्धा मुदत ठेवीचा व्याजदर मधेच बदलत नाही. ठेवीला जो न्याय मिळतो, तो ठेवीदाराला मिळावा, ही मागणी वावगी म्हणता येणार नाही.

माझ्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर थायलंडचा आकडा कुठे गेलेला असेल आणि माझं पेन्शन कुठे असेल, याचा हिशेब मला येतो; पण मी मांडत नाही. आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. ज्या खात्यात कधीच काही जमा होणार नाही, त्याचं व्याज काढत बसायचं नाही.